चालते मेज

मराठी साहित्याच्या इतिहासात कवी आहेत, कादंबरीकार आहेत, संपादक आणि प्रकाशक आहेत. मुद्रकांना आणि खिळे पाडणाऱ्यांनाही अलीकडे थोडीफार जागा मिळू लागली आहे. परंतु हे सारे लेखन ज्या सामानानिशी झाले ते सामान, म्हणजे शाई, दौत, टाक, पट्टी, वही, आणि ते घडविणारी माणसे, यांचा विचार आपल्या समीक्षेत अभावानेच आढळतो. लेखकाचे मेज म्हटले की आपल्याला लेखक दिसतो, मेज दिसत नाही. स्मारकांतून लेखकाची लेखणी काचेआड ठेवलेली असते, पण तीही त्याच्या हाताचा अवशेष म्हणून. कोणी घडविलेली वस्तू म्हणून नव्हे.

१५ जुलै २०२४ रोजी सुभाष दांडेकर वयाच्या ८६ व्या वर्षी मुंबईत निवर्तले. 'कॅमलिन'चे प्रमुख म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत होता. जे मृत्युलेख आमच्या वाचनात आले त्यांत एक यशस्वी मराठी उद्योजक होता, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे नेतृत्व केलेला कार्यकर्ता होता, अनेकांना रोजगार देणारा मालक होता. हे सगळे खरेच आहे. पण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी त्यांच्याकडे, आणि त्यांच्याही आधी त्यांचे वडील दिगंबर परशुराम दांडेकर यांच्याकडे, आणखी एका नात्याने पाहावयास हवे असे आम्हांला वाटते. मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी पहिले अक्षर, पहिले वर्तुळ आणि पहिले चित्र ज्या सामानाने काढले ते बव्हंशी या घराण्याने बाजारात आणले. मेजावरच्या वस्तूंची रचना करणारे म्हणून त्यांची जी कामगिरी आहे, तिचे मोल व्यापाराच्या आकड्यांत मावणारे नाही. या लेखात आम्ही ती कामगिरी तपासू पाहतो, आणि त्यासाठी एक कसोटी सुचवितो. ती अशी: ज्याच्याजवळ मेजच नाही, त्याला त्या वस्तूने लिहिते केले का?

कसोटीचा अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून आधी थोडे दूर जाऊ. मेजावरच्या वस्तूंचा रचनाकार असे म्हटल्यावर जगभरच्या जाणकारांना ज्यांची नावे आठवतात त्यांत इटलीचे एन्झो मारी हे एक ठळक नाव आहे. १९३२ साली जन्मलेले मारी मिलानच्या ब्रेरा अकादमीत शिकले, आणि १९५७ साली स्थापन झालेल्या 'दानेझे' या संस्थेसाठी त्यांनी दीर्घकाळ काम केले. पत्रे ठेवण्याच्या ताटल्या, फुलदाण्या, मुलांची लाकडी कोडी, दिनदर्शिका अशा लहानसहान वस्तूंवर त्यांनी उमेदीची वर्षे घालविली. १९६७ सालची त्यांची 'तिमोर' ही दिनदर्शिका आजही बनते आणि विकली जाते. एका उभ्या खांबाच्या आसाभोवती प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या पंख्यासारख्या फिरतात. वार, तारीख आणि महिना यांच्या पट्ट्या रोज हाताने फिरवून लावावयाच्या. लहानपणी पाहिलेल्या रेल्वेच्या सिग्नलांवरून ती कल्पना सुचली असे सांगतात. ती वर्षानुवर्षे चालते, दर वर्षी नवी घ्यावी लागत नाही.

मारी स्वभावाने भांडखोर आणि विचाराने साम्यवादी होते. वस्तू ही ग्राहकाला भुलविण्यासाठी नसून माणसाच्या श्रमाला मान देण्यासाठी असते, असे त्यांचे म्हणणे. १९७४ साली त्यांनी फळ्या आणि खिळे एवढ्याच सामग्रीतून कोणालाही घरी बनविता येतील अशा टेबल-खुर्च्यांचे आराखडे प्रसिद्ध केले; टपालखर्च पाठविणाऱ्याला ते फुकट मिळत. मेजावरच्या वस्तू घडविणारा माणूस शेवटी मेजापर्यंत, आणि मेज नसलेल्या माणसापर्यंत पोहोचला, हा त्यांच्या कारकिर्दीचा आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारा टप्पा होय. १९ ऑक्टोबर २०२० रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी ते वारले. त्यापूर्वी त्यांनी आपला सारा संग्रह मिलान नगरपालिकेला दिला, आणि चाळीस वर्षे तो कोणालाही खुला करू नये अशी अट घातली. आपल्या कामाला आपले नाव आहे, ते टिकेल, आणि ते कोणी केव्हा वाचावे हेही आपण ठरवू शकतो, असा विश्वास असल्यावाचून माणूस अशी अट घालत नाही.

आता 'तिमोर' ही वस्तू मराठी घरात आणून ठेवा. तिच्यावर वार, तारीख, महिना अचूक दिसतील. पण आज कोणती तिथी, हे ती सांगू शकणार नाही. ही उणीव भाषांतराने भरून निघण्यासारखी नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी संपते. चंद्राची गती सारखी नसल्याने तिथी कधी एकोणीस-वीस तासांची, तर कधी सव्वीस तासांच्या आसपासची होते. त्यामुळे एखाद्या तिथीचा क्षय होतो, एखादीची वृद्धी होते, आणि साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक मास येऊन बसतो. पट्टी फिरवून हे गणित जमणार नाही. त्यासाठी दर वर्षी नवे पंचांग मांडावे लागते. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सौर आहे, तिच्या महिन्यांचे दिवस ठरलेले आहेत. ती मारींच्या पट्ट्यांवर सहज बसली असती. पण ती सरकारी कागदावरच राहिली. मराठी घराने निवडले ते १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेले 'कालनिर्णय', दर वर्षी बदलणारे, खिळ्याला टांगलेले, आणि पानांच्या मागच्या बाजूला वाचावयास काहीतरी देणारे. पुस्तकांचे कपाट नसलेल्या अनेक घरांत साहित्य या भिंतीवरच्या पानांच्या पाठीवरून आले, ही गोष्ट आपण अध्यापकांनी विसरू नये.

या तुलनेतून आम्हांला एवढेच दाखवावयाचे आहे की मेजावरची वस्तू गृहीत धरते ते मेज सर्वत्र एकसारखे नसते. मारींची दिनदर्शिका एका स्थिर मेजाची कल्पना करते: स्वतःची खोली, खिडकी, खुर्ची, आणि रोज सकाळी त्याच जागी येऊन बसणारा माणूस. मराठी लेखनाचे मेज बहुधा असे स्थिर नव्हते. ते चालत असे.

भाषेलाच विचारून पाहावे. शाळकरी मुलाच्या पिशवीला आपण 'दप्तर' म्हणतो. हाच शब्द सरकारी कागदपत्रांनाही आहे. पेशवे दप्तर म्हणतो ते याच अर्थाने. कागद रुमालात बांधून ठेवीत आणि नेत, म्हणून जुन्या संग्रहांतून 'रुमाल' हे मोजमापच होऊन बसले. मुलाची पिशवी आणि राज्याचा अभिलेख या दोहोंना एकच नाव असणारी आपली भाषा आहे, आणि त्या दोहोंत समान काय, तर लेखन बांधून घेऊन निघण्याची सोय. कलमदान, फिरतीवरचा कारकून, जमिनीवर मांडी घालून गुडघ्यावर धरलेला कागद, ही सगळी याच परंपरेतली. मोडी लिपीची ओळख असलेल्यांना ठाऊक आहे की त्या लिपीत आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे लोंबत ठेवीत. लिहिणाऱ्याची घाई आणि हातातले साधन यांचा तो करार होता.

या विषयावरचा मराठीतला एक जुना आणि अत्यंत जाणता मजकूर आपल्या अभ्यासक्रमात असूनही नजरेतून निसटतो. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेचा आहे. समर्थांनी त्यात अक्षराचे वळण सांगितले आहेच, पण त्याबरोबर सामानाची यादीही दिली आहे: निरनिराळ्या देशांचे बोरू, ते तासण्याची आणि कातरण्याची साधने, रेघा आखण्याची साधने, हिंगूळ, शाईचा साठा. समासभर त्यांना चिंता आहे ती टिकण्याची. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही, असे ते बजावतात. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम आकाराचे अक्षर ठेवावे, असेही सांगतात. लिहिणारा म्हातारा होणार, कागद झिजणार, वाचणारा बदलणार, हे सारे ध्यानात घेऊन केलेली ही रचना आहे. आजच्या भाषेत याला डिझाइन म्हणतात. आम्ही तर म्हणू की मेजावरच्या सामानाविषयीचा मराठीतला विचार येथून सुरू करावयास हरकत नाही.

याच रस्त्याने दांडेकरांकडे येऊ. दिगंबर दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी १९३१ साली गिरगावात 'दांडेकर आणि कंपनी' सुरू केली. मिठाच्या सत्याग्रहाला जेमतेम वर्ष उलटले होते. स्वदेशीची हवा होती. देशात इतरत्रही या सुमारास लेखनाच्या स्वदेशी साधनांचे प्रयत्न चालू होते: १९३२ साली राजमहेंद्रीचे रत्नम पेन आले, १९३४ साली बंगालमध्ये सुलेखा शाई आली. दांडेकरांचे पहिले उत्पादन मात्र शाईची बाटली नव्हती. ती होती 'घोडा छाप' शाईची पूड आणि गोळी.

या पुडीची रचना समजून घेण्यासारखी आहे. शाईत वजनाने सर्वांत जास्त काय असते, तर पाणी. आणि पाणी प्रत्येक गावात असते. मग ते काचेच्या बाटलीत भरून आगगाडीने आणि बैलगाडीने का न्यावे? रंग तेवढा पाठवावा, पाणी तिथले घ्यावे. पुडी फुटत नाही, सांडत नाही, टपालाने जाते, आणि अगदी थोड्या पैशांत मिळते. गुरुजींनी ती शाळेच्या घड्यातल्या पाण्यात कालवावी, बाकाच्या भोकात बसविलेल्या दौतीत ओतावी, आणि मुलांनी टाक बुडवून कित्ता गिरवावा. चालत्या मेजाला साजेशी याहून नेमकी वस्तू कल्पिणे कठीण आहे. तिला पाहून कोणी थक्क होत नाही, कोणत्याही संग्रहालयात ती नाही. पण जिथे बाटली पोहोचू शकली नसती तिथे ती पोहोचली.

पुढे झरणी, म्हणजे फाउंटन पेन, आली आणि प्रश्न बदलला. काजळ आणि डिंकाची देशी शाई बोरूला उत्तम, पण तिच्यातले काजळाचे कण झरणीच्या बारीक नळीत अडकून बसतात. लोहयुक्त शाई निबेला खाते. झरणीला हवी ती पूर्ण विरघळलेल्या रंगाची शाई: निबेत वाळता कामा नये, कागदावर मात्र चटकन वाळली पाहिजे, सहज वाहिली पाहिजे, पण फुटता कामा नये. या परस्परविरोधी अटी सांभाळणे हे रसायनाचे काम असले तरी त्यात लिहिणाऱ्या हाताची समज लागते. पार्करची 'क्विंक' शाई १९३१ सालीच बाजारात आलेली होती, आणि विलायती मालाशी स्पर्धा होती. दांडेकरांच्या या नव्या शाईचे नाव 'कॅमल'. नावाची कथा प्रसिद्ध आहे: इराण्याच्या हॉटेलात बसले असता सिगारेटच्या जाहिरातीवरचा उंट दिगंबररावांच्या दृष्टीस पडला आणि त्यांना ते चिन्ह आवडले. पाणी न पिता दूर जाणारा उंट, आणि पुन्हा न भरता दूरवर लिहिणारी झरणी. शिवाय अक्षर न ओळखणाऱ्यालाही चित्र ओळखता यावे हा हेतू. 'कॅमल' आणि 'इंक' यांच्या जोडीतून 'कॅमलिन' झाले, आणि १९४६ साली ती खाजगी मर्यादित कंपनी झाली. आधी घोडा, मग उंट. दोन्ही वाटचालीची जनावरे, पाठीवर ओझे घेऊन जाणारी. बोधचिन्ह निवडताना कोणी असा विचार केला असेल असे नाही. पण चालत्या मेजाला वाहन मिळाले ते असे.

सुभाष दांडेकरांनी ग्लासगोला जाऊन रंगांच्या रसायनाचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर कंपनीला चित्रकलेच्या साहित्याकडे वळविले. शाईचा धंदा चालू असता रंगांकडे वळणे हे व्यापारी धाडस होते, आणि त्याहून अधिक ती एक सांस्कृतिक भूमिका होती. शाळेतल्या मुलाला रंगपेटी परवडली पाहिजे, हे तोवर कोणी गृहीत धरले नव्हते. पाटीवर आणि वहीवर काळे-निळे लिहिणाऱ्या मुलाच्या दप्तरात रंगीत खडू आणि जलरंगांच्या वड्या आल्या. कंपनीने मुलांसाठी चित्रस्पर्धा भरविल्या, चित्रकारांसाठी प्रदर्शने भरविली. बाजारपेठ वाढविण्याचा त्यात हेतू होता हे उघड आहे, आणि तो लपविण्याचे कारण नाही. पण ज्या समाजात चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकण्याची पद्धत आहे, तिथे रंगपेटीचा खप वाढणे ही गोष्ट केवळ धंद्याची राहत नाही.

आणि मग कंपासपेटी. आमच्या मते मराठी मुलाचे खरे मेज हेच. पत्र्याचा, बिजागरीचा, वहीवर मावणारा एक लहान डबा. आत कंपास, कर्कटक, कोनमापक, दोन गुण्या, पट्टी, पेन्सिल, खोडरबर. अशी पेटी बनविणारे अनेक आहेत, पण कित्येक घरांत उंटाच्या चिन्हाची पेटी हीच कंपासपेटीची व्याख्या होती. तिच्या रचनेची परीक्षा तिचा उपयोग करणाऱ्यांनी केली. झाकणाच्या आत वेळापत्रक चिकटले, गुण्यांच्या खाली नाणी आणि मोरपिसे गेली, बंद पेटी मांडीवर ठेवून तिच्यावर कागद धरला गेला. सर्व अवजारे गणिताला लागतात असे नाही. काही मुलांची गुण्या दहावीपर्यंत कोरीच राहते. तरीही पेटी सोबत असते, कारण ती माझी आहे, तिला कडी आहे, आणि ती बंद होते. ज्या घरात मुलाच्या मालकीचा खण नाही, कपाट नाही, तिथे बंद होणारी एक वस्तू मिळणे ही गोष्ट, वाचकहो, लहान नव्हे. स्वतःच्या खोलीविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. स्वतःच्या पेटीविषयीही बोलले पाहिजे.

येथे नावाचा प्रश्न येतो. मारींच्या 'तिमोर'वर मारींचे नाव चालते. कंपासपेटीवर कंपनीचे चिन्ह असते. तिचा आकार, बिजागरी, आतल्या खाचा कोणी ठरविल्या त्याचे नाव पेटीवर नसते. आपल्या हस्तलिखितांच्या परंपरेत नक्कल करणारा लेखक शेवटी आपले नाव, गाव, शक लिहीत असे; वाकलेल्या पाठीने आणि शिणलेल्या डोळ्यांनी हे लिहिले आहे, तरी वाचकाने पोथी जपावी, अशी विनंतीही करीत असे. म्हणजे अनामिकतेचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्या समाजातही नक्कलकाराला नाव होते. ज्याने त्याचा बोरू तासला, शाई घोटली, कागद घोटून गुळगुळीत केला, त्याला नव्हते. हीच रीत यंत्रयुगात पुढे चालू राहिली. यातला उपरोध शाळेच्या बाकांवर कोरलेला आहे: मुले कर्कटकाच्या टोकाने बाकावर आपले नाव कोरतात, आणि कर्कटक घडविणाऱ्याचे नाव कोठेच नसते.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. साधनाने साहित्य घडत नाही. चांगल्या शाईने चांगली कविता होत नाही. 'बोरूबहाद्दर' हा शब्द मराठीने उगाच निर्माण केलेला नाही. साधनाचे कौतुक करता करता आपण लेखकाच्या प्रतिभेला वस्तूंच्या यादीत बुडवू, अशी भीती आहे. आम्हांला ही भीती मान्य आहे. टाक दर दोन-चार शब्दांनी दौतीत बुडवावा लागतो आणि झरणी पानभर चालते, यावरून टाकाचे गद्य तुटक आणि झरणीचे गद्य प्रवाही असा सिद्धांत कोणी मांडील तर आम्ही त्याला दाद देणार नाही. आमचे म्हणणे यापेक्षा साधे आहे. साधन साहित्याचा दर्जा ठरवीत नसले तरी साहित्यात कोण येणार हे काही प्रमाणात ठरविते. कोणाला लिहिता येईल, कोठे बसून, किती खर्चाने, किती वेळ, आणि लिहिलेले किती टिकेल, या पाच प्रश्नांची उत्तरे सामानात दडलेली असतात. साहित्याचे समाजशास्त्र शिकविताना आपण वर्ग, जात, शिक्षण, प्रकाशन यांची चर्चा करतो. शाईच्या पुडीची किंमत हा त्याच चर्चेतला एक पुरावा आहे.

ही चर्चा सोनाळ्यात बसून केली तर तिचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातले हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. वर अंबाबारवा अभयारण्याचे जंगल सुरू होते. अशा गावात मेज असते ते शाळेत, ग्रामपंचायतीत, तलाठ्याच्या कचेरीत, टपालघरात. म्हणजे मेजापलीकडे बसतो तो सरकारी माणूस, आणि अलीकडे उभा राहतो तो अर्जदार. अभ्यास करणारे मूल घरी जमिनीवर बसते; त्याचे मेज म्हणजे मांडी, दप्तर आणि पेटी. गावाबाहेर थोडे वर गेले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या या डोंगरपट्ट्यात निहाली भाषा बोलली जाते. ती आर्य नाही, द्राविड नाही, शेजारच्या कोरकूसारखी मुंडा कुळातलीही नाही. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते निश्चित झालेले नाही. कायपर या डच पंडिताने १९६२ साली तिचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. बोलणारे अंदाजे दोन-अडीच हजार. तिला स्वतःची लिपी नाही. भाषाशास्त्रज्ञांच्या टिपणवहीखेरीज तिचा शब्द क्वचितच मेजावर आला आहे.

निहाली घरातले मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या हातात पेटी येते, पण तिच्यातली पेन्सिल त्याच्या घरचा शब्द लिहीत नाही. येथे शाईची पुडी आणि पत्र्याची पेटी यांची मर्यादा संपते, आणि रचनाकाराचे पुढचे काम सुरू होते. ज्या भाषेला मेज मिळालेले नाही तिला ते मिळवून देणे हे एकट्या कारखानदाराचे काम नव्हे. त्यात शिक्षक, भाषाशास्त्रज्ञ, लिपीकार आणि स्वतः ते बोलणारे लोक यांचा वाटा हवा. मराठीला असा लिपीकार मिळाला होता, हे आपले भाग्य. १९८४ साली मॅकिन्टॉश संगणक आला तेव्हा त्यातल्या गणकयंत्र, टिपणवही अशा छोट्या सोयींना 'डेस्क ॲक्सेसरीज' असेच नाव होते. मेज पडद्यावर गेले, आणि मेजावरचे सामानही. त्या पडद्यावर देवनागरी सुबकपणे उमटावी यासाठी झटणाऱ्यांत र. कृ. जोशी अग्रभागी होते. जाहिरातक्षेत्रातून मुंबईच्या आयआयटीत आलेले, सुलेखनकार आणि स्वतः कवी असलेले जोशी २००८ साली वारले. त्यांनी घडविलेला 'मंगल' हा टंक विंडोज २००० बरोबर घरोघर गेला, आणि मराठीतले पुष्कळसे संगणकावरचे वाचन प्रथम त्याच अक्षरांत झाले. ज्यांनी ते वाचले त्यांतल्या फार थोड्यांना ते अक्षर कोणाचे हे ठाऊक असेल. तीच जुनी रीत.

२०११ साली ओसाकाच्या कोकुयो या कंपनीने कॅमलिनमधला निम्म्याहून अधिक वाटा घेतला. कंपनी आता 'कोकुयो कॅमलिन' म्हणून ओळखली जाते. स्वदेशीतून जन्मलेली वस्तू परक्या मालकीत गेली, म्हणून हळहळणारे हळहळले. आम्हांला त्यातली एक गोष्ट लक्षणीय वाटते. ही कोकुयो १९०५ साली सुरू झाली ती जपानी हिशेबवह्यांची वेष्टने बनविण्यापासून. तिकडे चोपडीचे वेष्टन, इकडे शाईची पुडी. दोन्हींचा आरंभ लेखनाच्या अगदी कडेच्या, कोणी लक्ष देणार नाही अशा वस्तूपासून. मालकी कोणाची हा अर्थकारणाचा प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढचा प्रश्न निराळा: त्या वस्तूंनी आपल्या लेखनाला काय दिले, याची नोंद कोण ठेवणार?

ही नोंद ठेवणे फार खर्चाचे काम नाही. हस्तलिखिताची संपादित आवृत्ती काढताना शाई, कागद आणि लेखणी यांविषयी चार ओळी प्रस्तावनेत याव्यात. लेखकांच्या मुलाखती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी 'प्रेरणा कोणती' या प्रश्नाबरोबर 'लिहिता कोठे बसून, कशाने' हाही प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर बहुधा अधिक खरे येईल. मराठी विभागांच्या कपाटांत ग्रंथांशेजारी दौत, टाक, शाईच्या पुडीचे वेष्टन, जुनी पत्र्याची पेटी यांना एक फळी मिळावी, आणि प्रत्येकीखाली गाव व साल लिहावे. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या महाविद्यालयांना हे मुंबई-पुण्यापेक्षा चांगले साधेल, कारण या वस्तू अजून घरांच्या माळ्यांवर आहेत. आणि दासबोधातला तो समास नीतिपर उपदेश म्हणून न शिकविता लेखनसामग्रीच्या रचनेवरचा निबंध म्हणून एकदा शिकवून पाहावा.

एन्झो मारींचा संग्रह २०६० च्या सुमारास उघडेल, आणि तेव्हाचे अभ्यासक तो वाचतील. दांडेकरांच्या कामाला कुलूप नाही. ते दप्तरांतून आणि माळ्यांवरून उघडेच पडले आहे. त्यातले बरेचसे रद्दीत आणि भंगारात चालले आहे. चाळीस वर्षे थांबण्याची सोय आपल्याला नाही.